ईएल३४ अँपचा एक व्हॉल्व लाल होतोय, बायसचा पॉट संपला तरी करंट चढतच राहतो

कुळागर (फोंडा):
नमस्कार मंडळी. मामाने स्वतः बांधलेला स्टिरिओ व्हॉल्व अँप (काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर) माझ्याकडे आलाय. मामा आता नाहीत, त्यामुळे विचारायला कोणी नाही आणि सर्किटचा कागदही सापडत नाही. आतलं बघून जे कळलं ते असं: दोन्ही चॅनेल पुशपुल (दोन व्हॉल्व जोडीने आळीपाळीने काम करतात), एकूण चार ईएल३४ म्हणजे स्पीकर चालवणारे मोठे व्हॉल्व, पुढे ईसीसी८३ आणि ईसीसी८२ हे छोटे, बायस (व्हॉल्वच्या ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, दिलेला मायनस) फिक्स्ड आहे, प्रत्येक व्हॉल्वला वेगळा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टन्स), आणि प्रत्येक कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टन्स आहे म्हणजे मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. प्लेटला (व्हॉल्वमधला करंट गोळा करणारा पत्रा) ४३० व्होल्ट.

मे महिन्यापर्यंत मस्त चालत होता. पाऊस लागल्यावर कपड्याने झाकून ठेवला, तो आता चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी पंधरा दिवस काढला. तीन व्हॉल्व ३६-३७ दाखवतात, चौथा (उजव्या चॅनेलचा मागचा) सुरू केल्याकेल्या पन्नासच्या वर. मला वाटलं व्हॉल्व जुना झालाय, म्हणून पॉट फिरवून ३७ वर आणला. वीस मिनिटांनी बघतो तर ६०. परत फिरवला, परत चढला, असं करत करत पॉट शेवटाला टेकला आणि तरीही ८५ झाला आणि खोलीतली लाइट बंद केली तर प्लेटच्या मधोमध लाल पट्टा दिसला. लगेच बंद केला. चवथीला घरी सगळे जमतात, मामाच्या अँपवर अभिषेकीबुवा लावायचे असं मी सगळ्यांना सांगून बसलोय. काय करू?

तांबडी माती (पेडणे):
व्हॉल्व गेला दादा. नवी मॅच्ड पेअर घाल आणि मोकळा हो. मी जत्रेतल्या नाटकांना साउंड लावतो, एका गिटारवाल्याच्या अँपला अगदी हेच झालं होतं, नवी जोडी घातली आणि चालू झाला.

जुना व्हॉल्व (मडगाव):
थांबा. कुळागर, पैसे खर्च करू नका आणि तो अँप आता तसाच लावूही नका. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॉट. ४३० व्होल्टला ८५ मिलिअँपिअर म्हणजे ३६ वॉटच्या वर जातो हिशेब, त्यातला थोडा स्क्रीनचा (व्हॉल्वमधल्या दुसऱ्या जाळीचा) धरला तरी व्हॉल्व मरणारच. आणि दोष व्हॉल्वमध्ये नसेल तर नवा घातलात तरी तोही मरेल, कारण पॉट शेवटाला नेऊनही करंट चढतोय याचा अर्थ तुम्ही दिलेला मायनस ग्रिडपर्यंत पोचतच नाहीये, वाटेत कोणीतरी खातंय.

पहिलं काम फुकटातलं आहे. तिसरा आणि चौथा व्हॉल्व आपापसात बदला. दोष व्हॉल्वबरोबर तिसऱ्या सॉकेटवर गेला तर व्हॉल्वच खराब, आत गॅस झाला की ग्रिड करंट वाहतो आणि असंच होतं. दोष चौथ्या सॉकेटवरच राहिला तर व्हॉल्व निर्दोष. फक्त करंट ५० च्या पुढे जाताना दिसला की तिथेच बंद करायचा, लाल होण्याची वाट बघायची नाही.

आणि हे नीट वाचा. बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट बसून असतात. हात घालण्याआधी १० के (दहा हजार ओहम), ५ वॉटच्या रेझिस्टन्सला चांगली इन्सुलेटेड वायर जोडून डिस्चार्ज करा, नंतर मीटरने शून्य बघा, मगच हात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून डिस्चार्ज करू नका, कपॅसिटरही बिघडतो आणि डोळेही. चालू अँपवर मोजताना मीटरची काळी वायर चासीला (अँपच्या धातूच्या पेटीला) क्लिपने अडकवायची आणि एकच हात वापरायचा, दुसरा खिशात. पायात चप्पल हवी, ओल्या लादीवर उभं राहून हे काम करायचं नाही. स्पीकर जोडल्याशिवाय अँप लावायचा नाही.

मांडवीकाठ (पणजी):
काकांशी सहमत. एक भर घालतो, आधी मेन्स मोजा. आमच्याकडे रात्री उशिरा लोड कमी झाला की व्होल्टेज २५० पर्यंत गेलेलं मी बघितलंय. २३० चं २५० झालं की तुमचे ४३० चे ४६५ च्या पुढे जातात. फिक्स्ड बायसही त्याच ट्रान्सफॉर्मरवरून येतो त्यामुळे मायनसही वाढतो आणि थोडं सावरून घेतलं जातं, पण पूर्ण नाही. फिलामेंटचे (व्हॉल्व तापवणाऱ्या तारेचे) ६.३ व्होल्ट सुद्धा ६.८ च्या पुढे जातात आणि ६.९ ला मर्यादा संपते. पण मेन्समुळे झालं असतं तर चारही व्हॉल्व चढले असते, तुमचा एकच चढतोय, म्हणजे मूळ कारण हे नव्हे. बायस मात्र तुम्ही ज्या वेळी ऐकायला बसता त्याच वेळी लावा.

कुळागर:
मेन्स २३४. व्हॉल्व बदलून बघितले. दोष चौथ्या सॉकेटवरच! तिसऱ्यातला चांगला व्हॉल्व चौथ्यात घातला तर तोही वीस मिनिटांत चढायला लागला, ५० ला बंद केला. आणि ज्याला मी मेला म्हणत होतो तो तिसऱ्यात शांत ३६ वर बसलाय. तांबडी माती दादा, तुमचं ऐकून ऑर्डर टाकणार होतो, कार्टमध्ये घातली होती.

तांबडी माती:
बरं झालं टाकली नाही. आता मला प्रश्न पडलाय की त्या गिटारवाल्याची नवी जोडी अजून कशी काय टिकलीय. उद्या फोन करून विचारतो.

जुना व्हॉल्व:
छान. आता उजव्या चॅनेलचे दोन्ही ईएल३४ काढून ठेवा, पुढचे छोटे व्हॉल्व राहू देत, ड्रायव्हरच्या (ईएल३४ ला आवाज पुरवणाऱ्या छोट्या व्हॉल्वच्या) प्लेटला व्होल्टेज यायला हवं. लोड कमी झाल्याने मुख्य व्होल्टेज थोडं वाढेल, फिल्टर कपॅसिटर किती व्होल्टचे आहेत ते आधी वाचा. सॉकेटची ५ नंबरची पिन म्हणजे ग्रिड. तिथून एक रेझिस्टन्स (बहुतेक २२० के) बायसच्या पॉटकडे जातो, त्याला ग्रिड लीक म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा, पॉटकडच्या टोकाला आणि ग्रिडकडच्या टोकाला.

व्हॉल्वच काढलाय तर त्या रेझिस्टन्समधून करंट वाहायचं काही कारण उरत नाही, म्हणून दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच आकडा यायला हवा. फरक आला तर तो फरक भागिले २२० के, इतका करंट कुठूनतरी घुसतोय. ऑन केल्याकेल्या एकदा मोजा आणि वीस मिनिटांनी परत मोजा. हे दोन आकडे आणा, मग बोलू.

कुळागर:
काका मोजलं पण गोंधळलो. फिल्टर कपॅसिटर ५०० व्होल्टचे आहेत. तिसऱ्या सॉकेटला (जो चांगला आहे!) पॉटकडे मायनस ३९ आणि ग्रिडला मायनस ३२. सात व्होल्टचा फरक. डाव्या चॅनेललाही तसंच. म्हणजे सगळेच सॉकेट खराब का?

जुना व्हॉल्व:
मीटर कोणता आहे? काट्याचा?

कुळागर:
हो, मामाचाच. काट्याचा, ५० व्होल्टच्या रेंजवर.

मांडवीकाठ:
तिथेच घोळ झालाय. काट्याचे बरेच मीटर २० हजार ओहम प्रति व्होल्ट असतात. ५० च्या रेंजवर तो मीटर स्वतःच १० लाख ओहम म्हणजे १ मेगचा रेझिस्टन्स होऊन ग्रिडला लोंबकळतो. २२० के च्या पुढे १ मेग लागला की ३९ चे ३२ दिसतात, तुमचा आकडा अगदी बरोबर आलाय, पण तो मीटरमुळे आलाय. डिजिटल मीटर बहुतेक १० मेगचा असतो, त्यावर ३९ चे ३८.२ दिसतील. ग्रिड मोजायला डिजिटलच घ्या.

कुळागर:
शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून डिजिटल आणला. पहिल्या तीन सॉकेटना पॉटकडे मायनस ३९, ग्रिडला मायनस ३८.२. मांडवीकाठ, दशांशासकट तुम्ही सांगितलं तेच आलं!

चौथा: पॉटकडे मायनस ४६ (मी शेवटापर्यंत फिरवलेला आहे ना), ग्रिडला सुरू केल्यावर मायनस ४२, वीस मिनिटांनी मायनस ३१. आकडा डोळ्यादेखत खाली येत होता.

आणि एक गोष्ट सापडली. चासीच्या आतल्या बाजूला, चारही पॉटच्या शेजारी, मामाने पेन्सिलने बारीक अक्षरात "३९" लिहिलंय. चारही ठिकाणी ३९. म्हणजे त्याने लावलेला बायस तोच होता आणि बाकीच्या तिघांत तो अजून तसाच आहे. मीच चौथ्याला ४६ वर नेला.

जुना व्हॉल्व:
तुमचे मामा शिस्तीचे माणूस होते. असे आकडे लिहून ठेवणारा बांधणारा मिळणं भाग्य असतं, त्यांच्यामुळे आपलं निम्मं काम झालं.

आता हिशेब बघा. निरोगी असता तर मीटरला मायनस ४५ दिसायला हवं होतं. दिसले ३१. १४ व्होल्ट कमी, म्हणजे साधारण ६५ मायक्रोअँपिअर ग्रिडकडे घुसतायत. इतका प्लस येण्याची जागा मुख्यतः एकच, ड्रायव्हरच्या प्लेटवरून आवाज ग्रिडला देणारा कपलिंग कपॅसिटर. त्याच्या एका टोकाला सव्वादोनशेच्या आसपास प्लस असतात आणि दुसऱ्या टोकाला आपला मायनस. त्याने आवाज जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा. जुना झाला की डीसीही झिरपतो आणि गरम झाला की जास्तच झिरपतो. वीस मिनिटं लागतात त्याचं कारण हेच.

पण बदलण्याआधी त्याचा ग्रिडकडचा पाय मोकळा करून परत मोजा. पाय सोडल्यावर ग्रिड नीट मायनस ४५ वर आला तर कपॅसिटर दोषी हे पक्कं. हे पाऊल चुकवू नका.

सोलकढी (डिचोली):
धाग्यात मध्येच घुसतो, माफ करा. माझ्याकडे छोटा ईएल८४ चा पुशपुल आहे, बायसचा पॉटच नाही. त्यालाही असं होऊ शकतं का? कुठे मोजू?

जुना व्हॉल्व:
सोलकढी, तुमचा कॅथोड बायस. व्हॉल्व जास्त करंट ओढायला लागला की कॅथोडच्या रेझिस्टन्सवर व्होल्टेज वाढतं आणि तोच व्हॉल्वला आवरतो, म्हणून पॉट लागत नाही. तरी कपलिंग कपॅसिटर झिरपला तर त्यालाही त्रास होतो, फक्त उशिरा कळतो. कॅथोडला किती व्होल्ट, रेझिस्टन्स किती, प्लेटला किती?

सोलकढी:
दोघांना मिळून १३० ओहम, त्यावर १०.५ व्होल्ट. प्लेटला ३००.

मांडवीकाठ:
१०.५ भागिले १३० म्हणजे ८१ मिलिअँपिअर, एकाला ४० च्या आसपास, त्यातले चारपाच स्क्रीनचे. ३०० मधून कॅथोडचे १०.५ वजा करा, एका प्लेटला साधारण १० वॉट पडतात. ईएल८४ ची मर्यादा १२. काही बिघडलेलं नाही. त्या १३० ओहमला समांतर जो इलेक्ट्रोलायटिक आहे तो जुना असेल तर बदलून घ्या, तो शॉर्ट झाला तर बायस शून्य होतो आणि दोन्ही व्हॉल्व एकदम लाल होतात.

सोलकढी:
धन्यवाद! माझे व्हॉल्व बीईएलचे आहेत, बंगळूरचे, जपायला हवेत. कपॅसिटर बदलतो.

कुळागर:
काका रागावू नका. कपॅसिटर म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो तेव्हा तिथल्या एका दुकानात ०.२२ मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा मिळाला, पॉलिप्रॉपिलीनचा, आणि घरी येऊन उत्साहात थेट बदलला. पाय मोकळा करून मोजायचं राहिलं. पॉट परत ३९ वर आणला. रात्री व्हॉल्व न घालता तासभर चालवला, शेवटी ग्रिड मायनस ३८. खूप आनंद झाला.

आज सकाळी परत लावला, रात्रभर धो धो पाऊस होता. ग्रिड मायनस ३५. पोटात गोळाच आला. तासाभराने बघितलं तर आपोआप ३८ ला आला. नवा कपॅसिटर पण खराब निघाला का?

जुना व्हॉल्व:
रागावत नाही, पण आता कळलं ना ते पाऊल कशासाठी होतं. तुमचे दोन दोष आहेत आणि दोघं उलट्या दिशेने चालतायत. कपॅसिटर गरम झाल्यावर बिघडत होता. हा दुसरा गार असताना बिघडतो आणि गरम झाल्यावर सुधारतो. गरम झाल्यावर सुधारणारी गोष्ट म्हणजे ओल. तुमचे पहिल्या दिवसाचे आकडे परत बघा, सुरू केल्याकेल्याही ४५ ऐवजी ४२ होते. ते तीन व्होल्ट तेव्हाही जात होते, आजही तितकेच जातायत. मी तेव्हाच बोट ठेवायला हवं होतं त्यावर.

नव्या कपॅसिटरचा पाय आता सोडा. आणि मला सांगा, टॅगबोर्ड (सुटे भाग ज्यावर जोडलेत ती पट्टी) कसला आहे?

कुळागर:
पाय सोडला, तरी मायनस ३५. कपॅसिटर निर्दोष. बोर्ड हायलमचा (बॅकेलाइटच्या जातीच्या शीटचा) आहे, तपकिरी, त्यावर पितळी टॅग ठोकलेत. ड्रायव्हरच्या प्लेटचा टॅग आणि चौथ्या ग्रिडचा टॅग शेजारी शेजारी, सेंटिमीटरभर अंतर, आणि मध्ये सोल्डरिंगच्या जुन्या फ्लक्सचा चिकट थर, त्यावर धूळ. बाकीच्या तिघांत दोन टॅगचं अंतर आहे. आमचं घर कुळागरात, सुपारीखाली, पावसात चामड्याची चप्पल आठवड्यात पांढरी होते.

मांडवीकाठ:
हेअर ड्रायर घ्या आणि अँप बंद करून त्या जागेवर दोन मिनिटं गरम हवा मारा, लगेच लावून मोजा. आकडा तत्काळ ३८ वर गेला तर प्रश्नच मिटला.

कुळागर:
गेला! दोन मिनिटांत मायनस ३८.

जुना व्हॉल्व:
मग आता साफसफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, फ्लक्स पूर्ण निघेपर्यंत, नंतर नीट सुकवा. पण मी स्पष्ट सांगतो, हायलमच्या कडेने आत गेलेली ओल अल्कोहोलने निघत नाही, दोन पावसाळ्यांत परत येईल. ग्रिडचा सांधा बोर्डावरून उचला. ईएल३४ ला ६ नंबरची पिन वापरात नसते, सॉकेटचा तो टॅग रिकामा असेल तर तिथे कपॅसिटर आणि २२० के चा सांधा करा आणि तिथून ग्रिड स्टॉपर (ग्रिडच्या तोंडाशी लावतात तो रेझिस्टन्स) ५ ला. दोन टोकं हवेत राहिली की ओलीला चालायला रस्ता उरत नाही.

सॉकेटही बघा. ४ नंबरला स्क्रीन, ५ ला ग्रिड, शेजारी शेजारी. बॅकेलाइटचा असेल आणि मध्ये काळी रेघ दिसली तर बदलून चिनी मातीचा घाला. आणि ज्या व्हॉल्वची प्लेट लाल झाली त्या सॉकेटचा स्क्रीन रेझिस्टन्स आणि कॅथोडचा १ ओहम दोन्ही मोजा, तापून किंमत बदलते. १ चा दीड झाला असेल तर मीटर ५५ दाखवेल आणि खरा करंट ३७ असेल, मग तुम्ही चांगल्या व्हॉल्वलाच उगाच आवळत बसाल.

तांबडी माती:
त्या गिटारवाल्याशी बोललो. त्याचा नवा व्हॉल्व पण दोन महिन्यांपूर्वी लाल झाला आणि त्याने तिसरी जोडी घातलीय, मला सांगितलं नव्हतं. त्याला तसाच थांबवलाय. ग्रिडच्या रेझिस्टन्सची दोन्ही टोकं मोजायची, डिजिटल मीटरने, व्हॉल्व काढून, बरोबर ना काका? रविवारी जातो मी.

जुना व्हॉल्व:
बरोबर. आणि आधी डिस्चार्ज.

मांडवीकाठ:
कुळागर, जुना कपॅसिटर टाकला नसेल तर एक गंमत करून बघा. साध्या कपॅसिटर मीटरवर तो ०.२२ च दाखवेल आणि चांगला वाटेल. डिजिटल मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या सिरीजमध्ये कपॅसिटर लावा आणि २३० च्या आसपास डीसी द्या. मीटर १० मेगचा, म्हणजे दिसणारे दर १० व्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर गळती. चांगला कपॅसिटर क्षणभर उसळून शून्याजवळ येतो.

कुळागर:
केलं. ड्रायव्हरच्या प्लेटवरूनच क्लिपने घेतलं, काकांचे सगळे नियम पाळून. गार असताना २० व्होल्ट. मग बंद करून, डिस्चार्ज करून, ड्रायरने गरम केला आणि परत लावला, १५० च्या वर. नवा कपॅसिटर गरम करूनही शून्याला चिकटून. ती जुनी नळकांडी मी डबीत लेबल लावून ठेवलीय.

बाकीचं कामही झालं. सांधा ६ नंबरच्या टॅगवर घेतला, सॉकेट चिनी मातीचा घातला, स्क्रीन रेझिस्टन्स १ के चा १ केच आहे, कॅथोडचा १ ओहम मात्र १.२ झाला होता, बदलला. बाकीचे तीन कपलिंग कपॅसिटर त्याच वयाचे म्हणून तेही बदलले.

जुना व्हॉल्व:
आता व्हॉल्व घालण्याआधी चारही पॉट जास्तीत जास्त मायनसकडे न्या, मग एकेक हळूहळू खाली आणा. सत्तर टक्क्यांचा हिशेब धरला तर २५ चे साडेसतरा वॉट, ४३० ला ४० मिलिअँपिअर. तुमचे ३७ ठीक आहेत, आणखी वर नेऊ नका, आवाजात फरक कळत नाही आणि व्हॉल्वचं आयुष्य जातं. चारही लावून झाल्यावर पहिल्यापासून परत फिरा, एक बदलला की दुसरे थोडे हलतात.

कुळागर:
काल रात्री लावला. आज दिवसभर पाऊस होता, मुद्दाम संध्याकाळी गार अँप लावून मोजला: ३६, ३७, ३७, ३६. तीन तासांनी ३७, ३७, ३८, ३७. खोलीत अंधार करून चारही प्लेट बघितल्या, कुठेही लाली नाही. चौथ्या पॉटकडे मायनस ३९. मामाच्या पेन्सिलीचा आकडा.

पावसाळ्यात ठेवायचा कसा तेवढं सांगा. झाकून ठेवला म्हणून ओल धरली का?

मांडवीकाठ:
कापड ओल अडवत नाही, धरून ठेवतं. आम्ही घरी कॅमेऱ्याच्या कपाटात १५ वॉटचा जुना तारेचा, तापणारा बल्ब लावून ठेवतो, तेच करा, बल्ब कपड्याला किंवा लाकडाला टेकू देऊ नका. आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास अँप चालवा.

जुना व्हॉल्व:
आणि आठवड्याने चारही आकडे परत घ्या, चवथीच्या आदल्या दिवशी एकदा घ्या. वहीत लिहा.

कुळागर:
वही केलीय काका. आदल्या दिवसाचे आकडे इथे टाकतो.

कुळागर:
३७, ३७, ३७, ३६. मेन्स २३१. माटोळी (गणपतीवरची फळापानांची आरास) बांधून झाली, मामी समोर बसलीय, रेकॉर्ड लावतोय.